धाकूने शाकारलेली पट्टी

ठाकुर्लीला रुळांपासून थोडं आत गेलं की एक तीन मजली इमारत लागते. तिच्या वरच्या गॅलरीत दुपारच्या वेळी धाकू म्हात्रे खुर्ची टाकून बसलेला असतो. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून त्याला खाडी दिसते. शेजारच्या गोदाबाईंचं म्हणणं असं की ती खाडीबिडी काही नाही, कुणाच्या तरी गोदामाचा पत्रा आहे आणि उन्हात चमकतो इतकंच. हा वाद कित्येक वर्षं चालू आहे आणि दोघांपैकी एकानेही खाली उतरून खात्री केलेली नाही. धाकूला गरजच वाटत नाही. ज्याला डोळे मिटून खाडी दिसते त्याने डोळे उघडून तिची झडती कशाला घ्यावी?

माणूस जन्मापासूनच असा, तंद्रीतला. जन्मला ठाण्याच्या खाडीकाठी, आगरी घरात. मिसरूड फुटायच्या आत बापाबरोबर मिठागरावर जाऊ लागला. उधाणाचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाने ते आटू द्यायचं, मीठ धरलं की ओढून बांधावर त्याच्या राशी घालायच्या, असं ते काम. धाकू मात्र दुधावर साय धरावी तसं पाण्यावर मीठ धरताना बघत उभा राहायचा, आणि हातातलं फावडं हातातच राहायचं. बाप ओरडायचा, "मीट पिकतंय रं, नाचत नाय! काय बगतंस?" धाकूला ते नाचतंय असंच वाटायचं, पण बापाला हे सांगायची सोय नव्हती.

एकच काम त्याला फक्कड जमायचं, ते म्हणजे रास शाकारणं. पावसाळ्याआधी बांधावरच्या मिठाच्या राशीवर गवताचं छप्पर घालतात, घराला घालतात तसंच. ते नीट बसलं नाही तर चार महिन्यांची मेहनत पाण्याबरोबर खाडीत परत जाते. धाकूने शाकारलेल्या राशीत थेंब शिरत नसे. तेवढ्यापुरता बापही त्याला नावाजायचा. पाण्यापासून राखलं की मीठ टिकतं, हे शहाणपण त्याच्या हाडात मुरलं ते तिथेच. पुढे त्याच शहाणपणाने त्याला गोत्यात आणलं, पण ते पुढे.

मिठागरं बंद पडली. धाकू डोंबिवलीच्या एका कारखान्यात रखवालदार झाला. उघड्या डोळ्यांनी झोप घेणारा रखवालदार म्हणून त्याची ख्याती होती. चोर मात्र कधी आला नाही, हे त्याचं नशीब. लग्न झालं मालनशी. ती बोलायला अशी की दगडालाही हुंकार द्यावा लागेल. धाकूचं सगळं बोलणं तिनेच बोलून टाकलं म्हणा ना. एक मुलगा झाला, प्रशांत. तो शिकला, शाळेत पोरं हसतात म्हणून घरातली बोली त्याने दाराबाहेर ठेवली, जिभेवरचे ण आणि ळ घासूनपुसून सरळ केले, आणि लिफ्टच्या देखभालीच्या कामाला लागला. लग्नानंतर रसिकाला घेऊन तो वर्तकनगरला राहायला गेला. भांडण नाही, तंटा नाही. जागा लहान पडत होती, एवढंच.

बाप-लेकाच्या मधली तार मालन होती. "बाबांना सांग, चष्मा बदला." "प्रशाला इचार, जेवतो का येलेवर." दोघे एकाच खोलीत असले तरी निरोप तिच्यातर्फेच जायचा. मालन गेली आणि दोघांच्या लक्षात आलं की आपल्याला एकमेकांशी बोलताच येत नाही. प्रशांत पंधरवड्याने यायचा, पिशवीतून फळं काढून ठेवायचा. "बरं आहे ना?" "हाय." मग दोघे टीव्हीकडे बघायचे. निघताना चप्पल घालता घालता प्रशांत म्हणायचा, "काही लागलं तर फोन करा." धाकू मान हलवायचा. फोन त्याने कधीच केला नाही. काही लागतच नव्हतं, म्हणजे मागता येईल असं काही.

मग पाय दुखायला लागला. जिना चढताना पोटरी दगडासारखी व्हायची. तरुणपणी ओढलेल्या विड्यांनी मांडीतली मोठी रक्तवाहिनी बुजत आणली होती. ठाण्याच्या एका इस्पितळात डॉक्टरांनी त्याच्याच पायातली एक शीर काढून रक्ताला दुसरी वाट करून दिली. वाफ्याचं दार बुजलं की शेजारून पाट काढतात, तसंच हे. धाकूला ते लगेच कळलं. त्याला कळलं नाही ते पुढचं.

या नव्या वाटेभोवती डॉक्टरांनी एक पट्टी गुंडाळली होती. तिथे काम करणाऱ्या मेघनाने ती समजावून सांगितली. ही कल्याणची मुलगी, संशोधनातल्या पेशंटांची देखरेख करणारी, हसऱ्या तोंडाची आणि कडक शिस्तीची. मक्यापासून काढतात तसल्या एका पदार्थाचं पातळ, लवचीक पटल. मिठाईवरच्या वर्खाएवढं नाजूक. त्यावर मॅग्नेशियम नावाच्या धातूच्या बारीक रेघा. रक्ताचा ठोका आला की पट्टी किंचित ताणली जाते, आणि त्यावरून वाट मोकळी आहे की बुजतेय ते कळतं.

"आणि नंतर काढायला परत कापाकापी नाही, आजोबा," मेघना म्हणाली. "तीनेक महिन्यांत ती आपोआप अंगात विरून जाते. मागे काही राहत नाही."

"धातू इरतो?" धाकूने विचारलं.

"हा विरतो. तुमच्या अंगात तो असतोच, पालेभाजीतून जातो. समुद्राच्या पाण्यातसुद्धा असतो."

"मीट काडल्यावर जा कडू पानी ऱ्हातं, त्याच्यात?"

मेघनाने क्षणभर विचार केला. "हो. त्यातच जास्त असतो."

धाकू एवढा खूश झाला की पायाची ठणक विसरला. जन्मभर जे कडू पाणी बांधाच्या पलीकडे लोटलं ते फिरून फिरून आपल्याच मांडीत येऊन बसलं! त्या दिवसापासून पट्टी हा त्याच्या दृष्टीने मिठाचाच प्रकार झाला. हे मेघनाने सांगितलेलं नव्हतं, पण त्याने ते ऐकलं. माणूस ऐकतो त्यातलं निम्मं आपल्या पदरचंच असतं.

पट्टीला बॅटरी नव्हती. एक चपटी चकती दिली होती. ती मांडीवर धरली की आतली पट्टी जागी व्हायची आणि चकतीला जोडलेल्या डबीवर आकडा यायचा, त्याखाली ठोक्याच्या रेघा. पन्नासच्या वर असला की वाट मोकळी. रोज संध्याकाळी एकदा बघायचं. मेघनाने प्रशांतचा मोबाइल मागून घेऊन त्यातही काहीतरी चढवून दिलं. धाकूला वाटलं, इस्पितळाचा नंबर असेल.

सुरुवातीला तो वर्तकनगरलाच राहिला. रसिकाने मनापासून केलं, पण तिथे बाप-लेक दोघेही टीव्हीकडेच बघायचे, फक्त टीव्ही मोठा होता. पाय चालता झाल्यावर धाकू ठाकुर्लीला परतला. पहिल्याच संध्याकाळी सात वाजता फोन वाजला.

"बाबा, आकडा किती?"

"बासष्ट."

"चांगलाय." मग थोडं थांबून, "जेवायला काय आहे?"

"गोदाबाईनं मुगाची खिचडी दिलीय."

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी परत सात वाजता फोन. आकडा किती? अठ्ठावन्न. कमी का आला? चकती वाकडी धरलेली. सरळ धरा ना. हां. मग कधी जेवणाचं, कधी गोदाबाईंच्या पत्र्याचं. एकदा प्रशांतने सांगितलं की घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये लिफ्ट अडकली, आत नवरा-नवरी होते, वरातीला उशीर झाला, आणि नवरी म्हणाली, घाई करू नका, इथेच बरं वाटतंय. धाकू इतका हसला की टाके दुखले. एका संध्याकाळी प्रशांतने चक्क विचारलं, "बाबा, मीठ नक्की कसं पिकवायचे हो?"

या प्रश्नाची वाट बघत आपण किती वर्षं बसलो होतो हे धाकूलाही माहीत नव्हतं. मग तो बोलत सुटला. वाफे कसे तुडवायचे, पाण्याचा रंग कसा गुलाबी व्हायचा, चांदण्यात रास कशी दिसायची. पलीकडून प्रशांत "मग?" एवढंच म्हणत होता. गोदाबाई ताटली न्यायला आल्या आणि धाकूभाऊ एवढं बोलतात हे बघून दारातच थबकल्या.

मालनची जागा एका वर्खाएवढ्या पट्टीने घेतली होती. धाकू हे मनात उघड कबूल करायचा. दुपारी गॅलरीत डोळे मिटून बसला की त्याला मांडीच्या आत एक छोटं मिठागर दिसायचं. त्यात उधाण-ओहोटी चालू, बांधावर पट्टी चमकते आहे, आणि ती चमकते आहे तोवर संध्याकाळी सात वाजणार, फोन येणार. त्याला फार सुख वाटायचं.

तपासणीच्या एका फेरीत मेघनाने डबीवरच्या रेघा पाहिल्या आणि आनंदाने म्हणाली, "छान! विरायला लागली. आता आकडा अधूनमधून गायब होईल, मग एक दिवस बंदच. घाबरायचं नाही, जखम मस्त भरलीय. बनलेलं सगळं जाणारच की, आजोबा. आमच्या विहारात हेच तर सांगतात."

विहारात काय सांगतात याच्याशी धाकूला देणंघेणं नव्हतं. पट्टी गेली की आकडा जाणार. आकडा गेला की सातचा फोन जाणार, आणि पुन्हा पंधरवड्याची फळांची पिशवी, पुन्हा "बरं आहे ना?" आणि "हाय." हे कुणाला सांगणार? प्रशांतला? "पोरा, पट्टी इरली तरी फोन कर," एवढं वाक्य होतं. मालन असती तर तिने ते दाराआडून फेकलं असतं. धाकूच्या तोंडून ते निघणं म्हणजे गोदाबाईंनी खाडी कबूल करण्यासारखं होतं.

मग त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. त्याने पट्टी शाकारायची ठरवली.

हिशेब सरळ होता. मीठ पाण्याने विरतं. पट्टी मिठाचीच. अंगात पाणी कमी गेलं की पट्टी जास्त टिकणार. त्याने आधी चहा सोडला. ज्यांना धाकू माहीत आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. मग ताक सोडलं, पेज सोडली. जेवणाबरोबर जेमतेम घोटभर पाणी. आंघोळीला मांडीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची, वर खोबरेल तेल चोळायचं आणि दुपारी तो पाय उन्हात पसरून ठेवायचा, वाळवणासारखा. गोदाबाई कलिंगडाच्या फोडी घेऊन आल्या तर म्हणाला, "ठेवा, सर्दी झाल्यावानी वाटतंय." त्यांनी माठ भरून दिला तो दुसऱ्या दिवशी तसाच होता. "पाणी पीत नाही का तुम्ही?" त्यांनी विचारलं. धाकूने पाय आणखी उन्हात सरकवला.

तोंडाला कोरड पडली की तंद्री अधिक गोड लागते, हे त्याला या दिवसांत कळलं. गॅलरीतलं ऊन पांढरंशुभ्र व्हायचं आणि त्याचं मिठागर व्हायचं. बांधांवर राशीच राशी, सगळ्या नीट शाकारलेल्या, आणि पायाखाली कोरडं मीठ कुरकुरतंय. एका दुपारी मालन डोक्यावर घमेलं घेऊन बांधावरून आली. तिने घमेलं खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तान लागली, पानी दे."

"नको मागू," धाकू म्हणाला. "पट्टी इरंल."

मालन हसली. ती नेहमी पोट धरून हसायची तशीच. "आन तुजा घसा सुकलाय तो?"

त्याला उत्तर द्यायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती. मालन घमेलं उचलून निघाली. ती पांढऱ्या उन्हात पुसट पुसट होत गेली आणि मग उरला तो दोन इमारतींच्या फटीतला पत्रा. त्या दिवशी पहिल्यांदाच धाकूला ती खाडी वाटली नाही.

संध्याकाळी आकडा आला एकेचाळीस. त्याने चकती सरळ करून पुन्हा धरली. चाळीस. पट्टी विरत आली असेल, त्याने मनाशी म्हटलं. पण डबीवरच्या रेघा तर ठसठशीत होत्या, पट्टी जागीच होती. म्हणजे खाल्ल्या मिठाला जागत होती बिचारी, खरं तेच सांगत होती. पाय जरा गार वाटत होता. सात वाजता फोन वाजला.

"बाबा, आकडा किती?"

खरं सांगितलं तर इस्पितळात नेतील आणि पट्टी काढून घेतील, अशी त्याला भीती. "साठ," धाकू म्हणाला.

पलीकडे काहीच आवाज आला नाही.

"प्रशा?"

"हां. साठ ना? बरं." फोन बंद झाला. ना जेवणाचं विचारलं, ना लिफ्टचं. झालं, धाकूला वाटलं, विषय आतापासूनच आटला. त्याने डबी उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तासाभरात दार वाजलं. प्रशांत उभा होता. कामाचाच शर्ट, त्याला ग्रीस लागलेलं, आणि हातात फळांची पिशवी नाही.

"असा कसा आलास?"

"असाच आलेलो इकडे." प्रशांतने आत येऊन बापाच्या पायाला हात लावला. मग दुसऱ्या पायाला लावला. मग माठावरचं झाकण उचलून आत पाहिलं. "चला बाबा. उठा."

"कुठं?"

"ठाण्याला. रिक्षा खाली उभी केलीय."

धाकूने बरेच आढेवेढे घेतले. पण जिन्यात त्याला घेरी आली आणि प्रशांतने त्याला सरळ पाठीवर घेतलं. मालनने पोराला असंच पाठीवर घेऊन बंद पडलेल्या मिठागराच्या वाफ्यांवरून नेलं होतं, हे धाकूला मधल्या मजल्यावर आठवलं.

इस्पितळात डॉक्टरांनी पाय बघितला, डोळे बघितले, जीभ बघितली आणि हाताला सलाईन लावलं. मेघनाची पाळी संपत आली होती, पण ती थांबली. चकती मांडीवर धरून ती बराच वेळ बघत राहिली. "पट्टी उत्तम चाललीय. रक्तच घट्ट झालंय. आजोबा, पाणी किती पिता?"

धाकूने छताकडे पाहिलं. मग प्रशांतकडे पाहून झालं. शेवटी त्याने सगळं सांगून टाकलं, राशीपासून शाकारणीपर्यंत आणि चहापासून प्लास्टिकच्या पिशवीपर्यंत. फक्त पट्टी का टिकवायची होती, तेवढं नाही सांगितलं.

मेघनाला हसावं की रडावं कळेना. "अहो, अंगात पाणी असतंच की! तुम्ही तहानेने तडफडलात तरी ती ठरल्या वेळी विरणारच. उलट पाणी नाही म्हणून रक्त गोठलं असतं. पट्टी राहिली असती आणि पाय गेला असता."

"यो काय लावलाय मना?" धाकूने वरच्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"मिठाचं पाणी," मेघना म्हणाली.

धाकू एवढा अशक्त होता तरी त्याला हसू आलं. उभ्या जन्मात पाण्यातून मीठ काढलं आणि आता थेंबाथेंबाने ते पाणी परत आत येत होतं.

"नशीब, दादांनी लगेच आणलं," मेघना चकती गुंडाळत म्हणाली. "एकेचाळीस आकडा बघून कुणी उद्यावर ढकललं असतं."

"त्याला मी साठ सांगितला," धाकू पुटपुटला.

"तुम्ही काहीही सांगा. डबीवर आकडा आला की तो दादांच्या मोबाइलवर आपोआप जातो. पहिल्या दिवसापासून जातोय. मीच नाही का घालून दिलं?"

प्रशांत झटकन खिडकीकडे वळला. मेघनाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो, म्हणून ती बाटलीचा वेग बघू लागली. धाकूने मान वळवली. प्रशांत खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी चोरून मीठ-कैरी खाताना पकडला गेला की व्हायचे तसेच.

पहिल्या दिवसापासून. म्हणजे फोन वाजायच्या आधीच पोराला आकडा माहीत असायचा. बासष्ट, अठ्ठावन्न, सगळे माहीत असायचे. आणि तरी रोज सात वाजता तो विचारत होता. धाकूच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी आलं. अंगात इतकं कमी पाणी असताना ते कुठून आलं कोण जाणे.

म्हात्र्यांच्या घरात असलं बोलत नसत, आणि बोलणारी होती ती गेली होती. प्रशांतने फक्त निघताना पाण्याची एक मोठी बाटली आणून उशाशी ठेवली.

पुढे पट्टी ठरल्याप्रमाणे विरली. आकडा कधी यायचा, कधी नुसत्या रेघा. धाकू आता तांब्या तांब्या पाणी पीत होता, चहा तर भरपाई केल्यासारखा. दुपारी डोळे मिटले की मांडीतलं मिठागर दिसायचं. तिथे उधाण आलेलं असायचं, बांध बुडालेले, वर्खाचा शेवटचा तुकडा पाण्यावर लकाकत लांब लांब जाताना दिसायचा. त्याला वाईट वाटायचं, पण तो हात घालून अडवायला जात नव्हता. रास कितीही चांगली शाकारली तरी मीठ शेवटी पाण्याचंच.

एके दिवशी चकती धरली तर डबी गप्प. वर-खाली, आडवी-तिडवी धरून पाहिली, काही नाही. प्रशांत येऊन डबी आणि चकती घेऊन गेला, इस्पितळात परत द्यायला. "पाय मस्त झालाय म्हणाल्या मॅडम," तो म्हणाला. "हां," धाकू म्हणाला. प्रशांत चप्पल घालता घालता जरा रेंगाळला. "काही लागलं तर..." आणि पुढचं न बोलताच जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकू फोन मांडीवर घेऊन बसला. जिथे चकती धरायचा त्याच जागी. सात वाजले. गोदाबाईंच्या घरातली मालिका सुरू झाली. फोन वाजला नाही. खालून भाजीवाला ओरडत गेला, समोरच्या फटीतला पत्रा लाल होऊन विझला, तरी फोन वाजला नाही. धाकूला पोराचा राग आला नाही. विचारायला आकडाच नाही तर तो विचारणार काय? तो तिकडे वर्तकनगरला असाच फोन हातात घेऊन बसला असेल, हे धाकूला डोळे मिटून दिसलं. आणि डोळे मिटून दिसलेलं खरंच असतं, यावर त्याचा विश्वास होता.

त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"बाबा? काय झालं? पाय...?"

"पाय बरा हाय." सांगायचं वाक्य मोठं होतं, ते काही आलं नाही. दुसरंच आलं. "प्रशा, तुजा आकडा किती रं?"

"माझा?"

"हां. तुजा. मी कदी इचारलाच नाय."

मग प्रशांत बोलला, शाळेच्या दाराबाहेर ठेवलेल्या त्या जुन्या बोलीत, जी बापाने त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

"कमी हाय, बाबा. आय गेल्यापासून कमीच हाय."

धाकूने पाण्याचा तांब्या जवळ ओढला, एक घोट घेतला आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसला.

"सांग," तो म्हणाला. "मी बसलोय."